पेव आणि गाडगं

आजी हैदराबादला काचीगुड्याच्या घरात भिंतीला टेकून, पाय पसरून बसायची आणि मी तिला पेपर वाचून दाखवायचो. मोतीबिंदूचं ऑपरेशन तिनं शेवटपर्यंत करून घेतलं नाही. आधी पाऊसपाणी, मग बाजारभाव, मग मयताच्या बातम्या, असा तिचा क्रम. राजकारण आलं की हातानंच "फुडं" अशी खूण. साल 2002. जुलै कोरडा गेला होता आणि देशभर दुष्काळाची चर्चा होती. सप्टेंबरात एका आतल्या पानावर अफगाणिस्तानची छोटी बातमी आली. तिथे वीसेक वर्षांची लढाई आणि वर तीन-चार वर्षांचा दुष्काळ. देशी गहू, हरभरा, मसूर, खरबूज अशा वाणांचं बी तिथल्या शास्त्रज्ञांनी गझनी आणि जलालाबाद इथल्या घरांत बरण्यांमधून लपवून ठेवलं होतं. लुटारू आले. त्यांना बियांशी घेणंदेणं नव्हतं, बरण्या हव्या होत्या. बी जमिनीवर ओतून ते बरण्या घेऊन गेले.

आजीनं ते दोनदा वाचायला लावलं.

"बरण्या नेल्या आन् बी सांडून दिलं?"

"हो."

"आमी उलटं केलं," ती म्हणाली. आणि गप्प झाली. त्या दिवशी मयताच्या बातम्या ऐकायच्याही राहिल्या.

आमच्या घरात 1948 च्या गोष्टींना तोटा नव्हता. मूळ गाव औशाच्या बाजूचं, तेरणेच्या खोऱ्यातलं. तेव्हा ते निजामाच्या राज्यातल्या उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर हा जिल्हा व्हायला पुढे 1982 उजाडलं. ज्या लातूरला माझे पणजोबा गंजात माल घालायला जायचे, तिथेच वकिली करणारा कासीम रझवी पुढे रझाकारांचा म्होरक्या झाला. त्यामुळे आमच्याकडे रझाकार ही दूरची गोष्ट नव्हती. पण आजोबांना विचाराल, तर रझाकारांच्या आधी ते लेव्हीवर बोलायचे. दुसऱ्या महायुद्धात निजाम सरकारनं शेतकऱ्यांवर धान्याची सक्तीची लेव्ही बसवली. पीक येवो न येवो, ठरलेली पोती सरकारी भावानं घालायची. पटेल-पटवाऱ्यांच्या नात्यागोत्यातल्यांची पोती कागदावर भरायची, बाकीच्यांची खळ्यावरून उचलायची.

त्या लेव्हीची एक पावती आमच्याकडे आहे. उर्दूत. आजोबा उर्दूत शिकले होते, वडिलांना अक्षरं लावता यायची, मला तेवढंही येत नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडून मी ती वाचून घेतली. तारीख फसली सनातली, महिना बहमन, साल 1356. त्यात 590 मिळवले की आपलं साल येतं, म्हणजे 1946–47 चा हंगाम. माल ज्वारी, सात पोती. मास्तर चष्मा काढत म्हणाले, "आपके दादा का नाम तो बराबर लिखे, लेकिन वजन में क़लम फिराए हैं. देखो, पाँच को सात बनाए." माझ्या घराण्याच्या इतिहासाचा हा एकमेव लेखी पुरावा, आणि त्यातही खाडाखोड.

लेव्हीला तोड म्हणून पेव. हल्लीच्या मराठीत पेव फक्त फुटतं. क्लासचं पेव, बंगल्यांचं पेव. ज्यांनी पेव पाहिलं त्यांना हा वाक्प्रचार जरा अंगावर येतो, कारण पेव फुटलं म्हणजे पाणी शिरून धान्य नासलं, नाहीतर कुणीतरी चोरलं.

पेव काळ्या रानात खोदत नाहीत. काळी ओल धरते. गाव वसलेल्या पांढरीत, वाड्यात किंवा ओट्याखाली खोदतात. तोंड एक माणूस कसाबसा उतरेल एवढंच आणि पोट मात्र घागरीसारखं फुगलेलं. आत शेणमातीचा लेप, बुडाशी आणि कडेनं कडबा-भुसकटाचा थर, मग ज्वारी. वर फरशी, फरशीवर राख, राखेवर माती. नंतर तिथेच चूल मांडायची की झालं, कुणाच्या बापाला पत्ता लागत नाही. असं पेव दोन-तीन वर्षं धान्य सांभाळतं. उघडताना मात्र घाई करायची नाही. तोंड मोकळं करून वारं खेळू द्यायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. बातमीत दरवर्षी कुठेतरी विहिरीत गुदमरून मेलेली माणसं असतात, तेव्हा आजी हमखास म्हणायची, "कंदील सोडला नसंल." कडेची ज्वारी काळपट, आंबूस वासाची निघते. भाकरीला तो वास उतरतो. गरिबाच्या ताटात तो वर्षभर असायचा.

आमचं पेव खोदलं होतं मामूंनी. गावातली निम्मी पेवं त्यांच्या हातची. शेजारचंच घर. चौदा एकर रान स्वतःचं, आणि पेव खोदायचा हात असा की पांढरीला पहार लावून आवाजावरून सांगायचे, खाली दगड आहे की मुरूम. आजी त्यांच्या बायकोला भाबी म्हणायची. आजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची, नवी नवरी. भाकरी थापटायला सासूनं शिकवलं नाही, भाबीनं शिकवलं.

1948 च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं आमच्या माणसांनी गाव सोडलं. त्याच्या गोष्टी लहानपणी इतक्यांदा ऐकल्यात की मीच चाललो होतो असं वाटतं. रात्री चालायचं, दिवसा ओढ्यात दडायचं, पोरानं रडू नये म्हणून तोंडात गुळाचा खडा. सरहद्द ओलांडली की इंग्रजांनी सोडलेला मुंबई इलाखा आणि बार्शी. बार्शीत स्टेट काँग्रेसची माणसं होती, कॅम्प होते. तिथून पोरं हद्दीत शिरून करोडगिरीचे नाके जाळायची. आजोबा त्यांतले नव्हते. ते बार्शीच्या गंजात हमाली करत होते. "म्हणून पेन्शन न्हाई," आजी म्हणायची. "ज्यानं नाका जाळला त्याला ताम्रपट, ज्यानं पोती वाहिली त्याला पाठीचं दुखणं." कनवटीला बांधलेले निजामाचे हाली रुपये तिथे चालेनात. दुकानदार कलदारात बदलून द्यायचा, सात हालीला सहा कलदारच्या आसपास, आणि वर आपला बट्टा कापायचा. आषाढ लागेपर्यंत पैसे संपले आणि आजोबांनी बैलजोडी बार्शीच्या बाजारात विकली. हे सांगताना ते नेहमी बैलांची नावं घ्यायचे. घेणाऱ्याचं नाव कधी नाही.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा हद्दीत शिरल्या. सोलापूरच्या अंगानं आलेल्या फौजेनं पहिल्याच दिवशी नळदुर्गचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला. 17 तारखेला निजामानं रेडिओवरून शरणागती जाहीर केली. त्या तारखेला मराठवाड्यात आज मुक्तिसंग्राम दिन म्हणतात. इथे हैदराबादेत मात्र विमोचन म्हणायचं, विलीनीकरण म्हणायचं की एकात्मता, यावर दरवर्षी भांडण. आजीच्या लेखी त्या आठवड्याचं नाव वेगळंच होतं: उत्तरा नक्षत्र निघालं होतं. शेतकऱ्याच्या पंचांगात उत्तरा आणि हस्त म्हणजे रब्बीच्या ज्वारीची पेरणी. पुस्तकातली लढाई पाच दिवसांत संपली. काळ्या रानात वाफसा आला होता आणि तो कुणासाठी थांबणार नव्हता.

मला आमच्या इतिहासाच्या पुस्तकांबद्दल एक तक्रार आहे. ती शरणागतीपाशी थांबतात. हातात काय होतं, हे कुणी लिहीत नाही. आमच्या माणसांच्या हातात काय होतं ते मी सांगतो. रान सहा महिने पडीक. काळ्या रानाला सहा महिने नांगर लागला नाही की हरळी आणि कुंदा शिरतो. कुंद्याची मुळी हातभर खोल जाते. ती काढायला सहा-आठ बैलांचा नांगर लागतो, आणि गावात तेव्हा सगळे मिळून अकरा बैल उरले होते. इर्जिक करायची म्हटली तरी कुणाच्या बैलांवर? तगाई मिळेल असं तहसिलीतून सांगत होते, पण तहसिलीत अजून कोण साहेब हेच ठरत नव्हतं. सावकार सवाई-दिढीनं द्यायला तयार होता, म्हणजे पायलीला सव्वा किंवा दीड पायली परत. पण त्याचंही बी लातूरला अडकलेलं.

पेव मात्र शाबूत निघालं. चुलीखालची फरशी तशीच, राख तशीच. पेव कुठे आहे हे घराबाहेर एकाच माणसाला माहीत होतं आणि रझाकार गावात तळ ठोकून होते तेव्हाही तो माणूस बोलला नव्हता. कंदील सोडला, तो जळत राहिला, आजोबा उतरले. गाव जगण्यापुरती ज्वारी होती. माझ्या लहानपणी गोष्ट इथे संपायची. आजोबा शेवटचं वाक्य म्हणायचे, "मामूनं पेव राखलं." मग पुढची गोष्ट हस्तातल्या पेरणीची. आजीनं ओटी खोचून चाड्यावर मूठ कशी धरली, बैल उसने कसे, तिफणीला एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला आजोबा कसे.

पन्नास वर्षं कुणी विचारलं नाही की बी कुठून आलं.

कारण पेवातली ज्वारी पेरायची नसते. कोंडलेल्या हवेत, ओलीच्या वाफेत तिची उगवण जाते. खायला उत्तम, पेरायला बेभरवशाची. हे खेड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी शहरात वाढलो, मला ठाऊक नव्हतं. पेरायची ज्वारी वेगळी निवडतात. भरलेली कणसं काढून आढ्याला टांगतात, किंवा दाणे राखेत घोळून, लिंबाचा पाला घालून गाडग्यात भरतात आणि तोंडाला शेणमाती लिंपतात. ती गाडगी उतरंडीत सगळ्यांत खाली. "पेव जगवतं," आजी त्या सप्टेंबरात म्हणाली, "पेरायला गाडगं लागतं." आमची उतरंड फुटलेली होती. घरात कोण शिरलं, कोण जाणे. खापऱ्या आणि राख होती, बी नव्हतं.

आता मधली वर्षं भराभर सांगतो. सांगण्यासारखं त्यात सरकारी बरंच आहे. जनरल चौधरींचं लष्करी प्रशासन आलं. ऑगस्ट 1949 मध्ये जहागिरी खालसा झाल्या. राज्यातली सुमारे 40 टक्के जमीन तोवर जहागिरी नाहीतर निजामाच्या खाजगी सर्फेखासमध्ये होती, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हे. 1950 मध्ये कूळकायदा आला आणि कसणाऱ्याला संरक्षण मिळालं. पलीकडे तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा 1951 पर्यंत चालला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विनोबांना पोचमपल्लीत पहिली शंभर एकर मिळाली. कायदे चांगले होते, हे मी मनापासून म्हणतो. पण पटवारी पाहणीला येतो त्या दिवशी जो बांधावर उभा असतो त्याचं नाव कागदावर चढतं. जो जीव घेऊन पळाला तो बांधावर नसतो. आमचे आजोबा बार्शीहून वेळेत परतले म्हणून वाचले.

मग बहात्तर. तो दुष्काळ मी स्वतः पाहिला, सात वर्षांचा होतो. आई आणि आत्या खडी फोडायला जायच्या. आत्याच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या असत आणि संध्याकाळी ती त्या मिठाच्या पाण्यात सोडवायची. कामावर सुकडी मिळायची, पदरात बांधून आणायची. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो. आजीनं तिची पहिली भाकरी थापली, ती मधोमध चिरली. आजी बराच वेळ तिच्याकडे बघत बसली. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर 50 लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्यातून रोजगार हमीचा कायदा निघाला. वि. स. पागे यांचं ते देणं आहे आणि त्याबद्दल महाराष्ट्रानं ताठ मानेनं बोलावं. आम्ही मात्र त्याच उन्हाळ्यात लातूर रोडला गाडीत बसलो आणि विकाराबादमार्गे हैदराबादला आलो. वडिलांना बेगम बाजारात एका अडत्याकडे दिवाणजीची नोकरी मिळाली. आजीनं गावाहून जे बोचकं आणलं त्यात एक काळं गाडगं होतं. गळ्याभोवती नखानं ओढलेल्या दोन रेघा, मधे टिंबं. काचीगुड्यात तिनं त्यात मेथ्या ठेवल्या.

इथे आल्यावर तिला एक खोड लागली. बडी चावडीच्या बाजारात, दवाखान्यात, बसस्टॉपवर, कुठल्याही म्हाताऱ्या मुसलमान बाईला विचारायची, "अम्मा, गाव कंचं?" आम्हाला लाज वाटायची. कुणी उस्मानाबादकडचं निघालं की ती तालुका विचारायची, मग गाव. मग पिशवी उचलून चालायला लागायची. आम्हाला वाटायचं, माहेरच्या बोलीची ओढ.

2002 च्या त्या पेपरनंतर चार-पाच दिवसांनी ती आपणहून बोलली. मी लिहून घेतलं नाही, तिला ते आवडलं नसतं. पण शब्द फारसे बदलणार नाहीत, एवढे ते थोडे होते.

आमची माणसं परतली तेव्हा मामूंचं घर उघडं होतं. कडी नाही, कुलूप नाही. चुलीवर तवा तसाच. निजाम शरण आला त्यानंतरच्या दिवसांत त्या पट्ट्यात मुसलमानांवर जे गुदरलं ते आमच्या घरात कुणी गोष्ट म्हणून सांगितलं नाही. रझाकारांचं मोठ्यानं सांगायचे, हे हळू आवाजातही नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं 1948 च्या अखेरीस फिरून अहवाल दिला. मेलेल्यांचा अंदाज 27 हजार ते 40 हजार, आणि सर्वाधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद. बाकीचे गुलबर्गा, बिदर, नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं बाहेर आला नाही. आजीला अहवालाची गरज नव्हती.

"गाव म्हनलं, हैद्राबादला गेली. कुनी म्हनलं, वाटंतच... मला काय ठावं? मी बगितलं न्हाई." मग बराच वेळ थांबून, "सासू म्हनली, हस्त सरत आला. जा बग, त्यांची उतरंड हाय का."

उतरंड होती. वरची गाडगी कुणीतरी फोडली होती, तळची तीन धडधाकट. लिंपण तसंच. आजीनं ती फोडली नाहीत, लिंपणाच्या कडेनं विळ्याचं टोक फिरवलं. आत राखेतली ज्वारी, पांढरी, टपोरी, भाबीनं एकेक दाणा निवडलेली. तिन्हींत मिळून चार पायल्या भरली. दोन गाडगी तिथेच पालथी ठेवली. तिसरं ज्वारीसकट उचललं, कारण ओटीत मावेना. हस्ताच्या शेवटच्या चरणात ती ज्वारी आमच्या रानात पडली आणि माघ-फाल्गुनात काढली तेव्हा त्या वर्षी गावात आमच्याइतकं कुणाला पिकलं नाही.

"पेव त्यांनी राखलं," आजी म्हणाली. "आन् गाडगं आमी आनलं."

मी तिला म्हटलं, तुम्ही नेलं नसतं तर किड्यांनी खाल्लं असतं, दुसऱ्या कुणी नेलं असतं. "दुसऱ्यानं न्हेलं आसतं," ती म्हणाली, "तर दुसऱ्याची आजी सांगत बसली आसती."

मुंबईच्या हमरस्त्यावर, म्हणजे 1948 ला फौज ज्या वाटेनं आली त्याच सोलापूर-जहिराबादच्या रस्त्यावर, पटनचेरूला इक्रिसॅट ही संस्था आहे. स्थापना 1972 ची, आमच्या दुष्काळाच्याच वर्षातली. आतेभाऊ तिथे शेतावर कामाला होता. त्यानं एकदा बियांची कोठी दाखवायला नेलं. चार अंशांवर एक खोली, त्यात ॲल्युमिनियमचे डबे. लांब मुदतीची दुसरी, उणे वीस अंशांवर. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, राळा-वरी, सगळे मिळून लाखाहून जास्त नमुने. सोमालिया आणि इथिओपियासारख्या देशांना त्यांच्याकडून गेलेल्या ज्वारीचे वाण इथून परत पाठवल्याचं तिथल्या माणसानं सांगितलं. पुढे सीरियात लढाई पेटली, अलेप्पोची बियांची कोठी हातची गेली आणि 2015 मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डच्या तिजोरीतून ठेव म्हणून दिलेलं बी परत मागावं लागलं. स्वालबार्डच्या तिजोरीतला नियम मला फार आवडला. ज्यानं ठेवलं, त्यालाच परत मिळतं. दुसऱ्याला ते उघडता येत नाही.

मी त्या थंड खोलीत स्वेटर नसताना उभा होतो आणि विचारलं, मालदांडी आहे का? आहे म्हणाले. तीच बहुतेक भाबीची ज्वारी असेल, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला निवडलेली, आमच्या भागात घरोघरी गेलेली. की जुनी दगडी असेल? आजीला विचारलं असतं तर तिनं दाण्यावरून सांगितलं असतं. पण तोवर ती गेली होती.

गाडगं माझ्याकडे आहे. मेथ्या काढून टाकल्या, आता ते रिकामंच ठेवतो. औशाच्या बाजूच्या, तेरणेकाठच्या गावातून 1948 च्या भाद्रपदात निघालेलं, पेव खोदणाऱ्यांचं एखादं घर आपल्या ओळखीत असेल, हैदराबादेत किंवा कुठेही, तर त्यांना हे वाचून दाखवावं. चार पायल्या ज्वारी आणि एक गाडगं, आमच्याकडून येणं आहे. सवाईनं.